हातभर मातीखाली

आमच्या खोऱ्यात घरं एकशेचाळीस, चर्चं चार,
आणि सुतार एक.
ट्रान्सिल्वेनियाच्या या कोपऱ्यात
सगळ्यांचा देव मला मापानं ठाऊक आहे.

कॅथलिकांचा क्रूस मी येशूसकट करतो,
फासळ्या मोजून, गुडघे जरासे वळवून.
रिफॉर्म्ड म्हणतात, येशू नको, क्रूसही नको,
नुसता कोरलेला खांब दे, वर तारा.
ऑर्थोडॉक्स क्रूसावर पत्र्याचं इवलं छप्पर,
पावसाचा काय भरवसा.
खालच्या आळीतले नवे लोक साधी फळी नेतात,
तीही शुक्रवारी ऊन उतरायच्या आत.
सूर्य बुडाला की ते पैशाला हात लावत नाहीत,
आणि माझी उधारी रविवारवर जाते.

मी युनिटेरियन. आमचाही खांबच,
शेंड्याला ट्यूलिपची कळी.
देव एक, तीन नाहीत.
लाकूड तेवढंच लागतं.

पारास्किवा टेकडीपलीकडून आली,
सोबत लाल अंड्यांचा रंग आणि एक काळवंडलेली मेरी घेऊन.
पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली,
तीन फळ्यांचं दार तू एक दार म्हणून विकतोस ना?
मी म्हटलं, दार मी बनवतो,
देव नाही बनवत.
रंधा चालवत राहिलो. ढलप्या पडत राहिल्या.
ती ढलप्या गोळा करून चुलीत घालायची,
आणि भांडण तिथंच, चुलीपाशी राहायचं,
एकेचाळीस वर्षं.

आमच्या घरी येशू वर्षातून दोनदा उठायचा.
आधी माझा. तेव्हा तिचा उपास चालू,
तेलसुद्धा वर्ज्य.
मी हॅमचा तुकडा घेऊन कारखान्यात जायचो,
उभ्या उभ्या खायचो, चोरासारखा,
हात भुश्शात घासायचो.
तिला वास यायचाच.
काही बोलायची नाही,
पाणी मात्र जरा आपटून ठेवायची.

फेब्रुवारीत गेली. जमीन दगड झालेली,
खड्ड्यासाठी गेर्गेईनं रात्रभर विस्तव पेटता ठेवला.
शेवटचा श्वास आत गेला, बाहेर आलाच नाही,
आणि माझा हात वर उठला:
कपाळ, छाती,
उजवा खांदा, मग डावा.
तिच्यासारखा.
माझ्या चर्चात असलं काही नसतं.
मी बराच वेळ त्या हाताकडे पाहत बसलो.
अंधारात घरातली खुर्ची कुठे आहे
हे जसं गुडघ्याला माहीत असतं,
तसं असावं.

पाद्री इलारिऑन येऊन एवढंच विचारून गेले,
छप्पर पत्र्याचं की तांब्याचं?
तांब्याचं, म्हटलं. परवडत नव्हतं.

ओक घेतला, सात वर्षं वाळवलेला,
खरं तर माझ्यासाठी ठेवलेला.
क्रूस केला जसा तिच्या आईचा होता तसा,
टोकांना तीन-तीन पाकळ्या, नाव त्यांच्या लिपीच्या वळणात.
तिच्या बहिणीनं बोट फिरवून पाहिलं,
चूक सापडली नाही.
गाडी यायच्या आदल्या रात्री
क्रूस आडवा करून दिवा खाली घेतला.
तळाचा हातभर भाग मातीत जातो,
त्याला कुणी रंधाही मारत नाही.
तिथं मी आमची कळी कोरली.
पटाशी दोनदा घसरली.
विचारलं नाही तिला. विचारलं असतं
तर पुन्हा त्या फळ्या निघाल्या असत्या.

मातीखालचंच लाकूड आधी कुजतं,
हे गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो.
ओक असला तर वीस वर्षं. बावीस, फार तर.

यंदा आमचा ईस्टर होऊन गेला.
शेजारच्या एस्तेरनं विचारलं, हॅम कापलं नाहीस?
माळ्यावर तसंच टांगलेलं आहे.
अजून तीन आठवडे.